पॅरा, बांडगूळ आणि आमरी

मराठी विभागासाठी लेख द्या म्हणून मॅडम वर्गावर आल्या, तेव्हा मी बेंचखाली वाकून पेन शोधत होतो. खरं सांगायचं तर पेन पडलंच नव्हतं. माझी शाळा नाशिकची, कॉन्व्हेंट. मराठी हा विषय आमच्याकडे 'थर्ड लँग्वेज'. निबंध म्हणजे 'माझा आवडता पक्षी' पाठ करून जायचं, आणि दरवर्षी पक्षी मोरच. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने दुरुस्त करून घ्याव्यात ही विनंती. पण एका मराठी शब्दाच्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झालेली आहे. ती व्याकरणाची नव्हती. ती मलाच दुरुस्त करायची आहे, म्हणून हा लेख.

शब्द आहे 'बांडगूळ'.

त्याआधी दुसरा एक शब्द. हॉस्टेलच्या मित्रांना हा समजावून सांगायला नको, पण स्टाफपैकी कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी सांगतो. ज्याच्या नावावर रूम नाही, कॉट नाही, पण जो रूममध्ये राहतो त्याला 'पॅरासाइट' म्हणतात. लाडाने 'पॅरा'. (रेक्टर सर, पुढचं सगळं मागच्या वर्षीचं आहे. रूम नंबर मी लिहिणार नाही.)

आमच्या रूममध्ये पॅरा आला तो जानेवारीत. एका पार्टनरचा तो अकरावी-बारावीचा मित्र. गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला. घरी भातशेती. आमच्यापेक्षा एक वर्ष पुढे होता, पण एम थ्री आणि आणखी विषय राहिले आणि वाय.डी. लागली. वाय.डी. म्हणजे काय हे ज्यांना लागली नाही त्यांना कळणार नाही. कॉलेजमध्ये नाव असतं पण वर्ग नसतो. लेक्चर नाही, प्रॅक्टिकल नाही, हजेरी नाही, हॉस्टेलची सीटही नाही. नुसती परीक्षेची वाट बघायची. घरी बसला असता तर शेतीच्या कामात अभ्यास झाला नसता, आणि गावात रूम घ्यायला पैसे नव्हते. "दहा-बारा दिवस राहतो," म्हणाला. दोन कॉटच्या मधे गादी टाकली. ती जूनपर्यंत तिथेच होती.

योगायोग बघा, त्याच आठवड्यात आमच्या रूममध्ये आणखी एक बिनमातीचा पाहुणा आला. दुसऱ्या पार्टनरच्या बहिणीने पुण्याहून वाढदिवसाला एक 'एअर प्लांट' पाठवलं. काचेचा गोळा, त्यात मूठभर आकाराचं, करड्या-चंदेरी पानांचं एक झाड. कुंडी नाही, माती नाही. सोबतच्या कार्डावर इंग्रजीत छापलं होतं की याला फक्त हवा लागते. आम्ही ते खिडकीच्या गजाला टांगलं आणि खूश झालो. इंजिनिअरच्या दृष्टीने आदर्श झाड. झिरो मेंटेनन्स.

पॅराने ते दोन-तीन दिवस बघितलं आणि विचारलं, "याला पाणी कधी घालता?"

"नाही घालायचं. ते हवेवर जगतं."

"हवेवर फक्त साधू जगतात, आणि तेही सांगण्यापुरतं," तो म्हणाला. त्या रात्री त्याने ते झाड काढून बादलीत अर्धा तास बुडवून ठेवलं, मग उलटं धरून झटकलं आणि परत टांगलं. चंदेरी झाड चक्क हिरवं दिसायला लागलं होतं. त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा हा त्याचा नेमच झाला.

मला आश्चर्य वाटलं म्हणून मी या झाडाबद्दल वाचायला घेतलं. (एम थ्री मलाही पहिल्या सेमला लागलं होतं, आणि एम थ्री सोडून काहीही वाचायला मी तेव्हा तयार होतो.) याचं नाव टिलँडसिया. अननसाच्या कुळातलं. साडेसहाशेच्या वर जाती आहेत आणि सगळ्या अमेरिका खंडांतल्या. अमेरिकेच्या दक्षिणेपासून खाली अर्जेंटिना-चिलीपर्यंत. अननसाचं हे आख्खं कुळच तिकडचं. त्यातली एकच जात अमेरिकेबाहेर, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात आपोआप उगवते. म्हणजे भारतातल्या जंगलात टिलँडसिया शोधून सापडणार नाही.

नावाची गोष्ट गमतीची आहे. सतराव्या शतकात एलियास टिलँड्स नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ होता. असं सांगतात की एकदा समुद्रातून जाताना त्याला बोट इतकी लागली की परत येताना तो बोटीत बसलाच नाही, आख्ख्या आखाताला वळसा घालून शेकडो मैल जमिनीवरून घरी आला. लिनियसने या झाडाला त्याचं नाव दिलं, कारण लिनियसला वाटलं की या झाडालाही पाण्याचं वावडं आहे. प्रत्यक्षात उलट आहे. या झाडाच्या पानांवर बारीक खवले असतात, ते पाणी धरतात आणि आत पोचवतात. ओले झाले की पारदर्शक होतात म्हणून खालचा हिरवा रंग दिसतो. मुळं असतात ती फक्त धरून ठेवायला. म्हणजे नावच गैरसमजातून पडलेलं.

याच्या एकेक जाती कुठे कुठे राहतात ते वाचून तर मी थक्क झालो. एक जात 'स्पॅनिश मॉस' म्हणून ओळखली जाते. अमेरिकेच्या दक्षिणेत ओकच्या झाडांवरून म्हाताऱ्याच्या दाढीसारखी लोंबते. ती स्पॅनिशही नाही आणि मॉसही नाही. पूर्वी ती वाळवून गाद्यांत आणि मोटारींच्या सीटमध्ये भरायचे. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा वाळवंटात काही जाती उघड्या वाळूवर नुसत्या पसरलेल्या असतात. समुद्रावरून येणारं धुकं हेच त्यांचं पाणी. आणि बऱ्याच जाती दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड भरून घेतात, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. दिवसा बंद आणि रात्री चालू. पी.एल.मधले आपणच.

माझी सर्वांत आवडती जात टिलँडसिया रिकर्वाटा. ती चेंडूसारखी गोल वाढते आणि चक्क विजेच्या तारांवर वाढते! मी इलेक्ट्रिकलचा, त्यामुळे मला ते पटकन समजलं. तारेतून काय रस मिळणार? तारेत माती नाही, पाणी नाही, अन्न नाही. तरी झाड जगतं, म्हणजे ते ज्याच्यावर बसतं त्याचं काही खात नाही. पाऊस, धूळ, दव यांच्यातून आपलं आपण भागवतं. पुस्तकात अशा झाडांना 'एपिफाइट' म्हणतात, मराठीत अधिवनस्पती. पॅरासाइट वेगळे, एपिफाइट वेगळे.

हे मी वाचलं होतं. लक्षात ठेवा, वाचलं होतं.

एप्रिलमधलं कोपरगाव तुम्हाला माहीतच आहे. पारा चाळीसच्या वर. गॅलरीत उभं राहिलं तर वारा इस्त्रीसारखा लागतो. तीन माणसांच्या रूममध्ये चौघं, एक पंखा, आणि तोही लाइट असेल तर. त्या काळात मला पॅराचं सगळंच खुपायला लागलं होतं. त्याचं पहाटे उठणं, गादीमुळे दार पूर्ण न उघडणं, चप्पल शोधताना त्याच्या अंगावर पाय पडणं. सबमिशनच्या आदल्या रात्री मी एकच्या सुमाराला रूमवर आलो. अंधारात पाय बादलीला लागला. त्याने झाड बुडवून ठेवलेलं. बादली आडवी झाली आणि पाणी थेट खाली ठेवलेल्या माझ्या फाइलवर.

मी काय काय बोललो ते सगळं इथे छापता येणार नाही. पण शेवटचं वाक्य सांगतो. "जागा आमची, पंखा आमचा, पाणी आमचं. बांडगूळ आहेस तू, बांडगूळ!"

हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला? आमची आजी एका लांबच्या नातेवाइकाला, तो समोर नसताना, असं म्हणायची. मी बांडगूळ कधी पाहिलेलं नव्हतं. आणि 'पॅरा' तर त्याला सगळा मजला रोज म्हणत होता, तोही हसत होता. अर्थ एकच. पण इंग्रजीत म्हटलं की गंमत वाटते आणि मराठीत म्हटलं की शिवी, हे मला त्या क्षणी कळलं. रूममध्ये कोणी काही बोललं नाही. त्याने फाइल उचलली, एकेक पान सुटं केलं, वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली वाळवत बसला. तीन एक्सपेरिमेंटची शाई पसरली होती. सकाळी उठलो तेव्हा ती तिन्ही परत लिहून तयार होती. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मी ती फाइल सबमिट केली. सही मिळाली. थँक्यू म्हटलं नाही, सॉरीही नाही.

मग पी.एल. सुरू झाली आणि मला एम थ्रीची भीती वाटायला लागली. आमच्या मजल्यावर एम थ्री शिकवायचं पॅरानेच. ज्याला एम थ्री दोनदा लागलंय त्याच्याइतकं एम थ्री कोणालाच येत नाही! प्रश्न कुठून येतो, कुठल्या स्टेपला मार्क जातात, सगळं त्याला तोंडपाठ. रात्री गॅलरीत पाच-सहा जण बसायचे. मी आधी दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. त्याने सरकून जागा दिली आणि लाप्लास पहिल्यापासून सुरू केलं. जणू काही झालंच नव्हतं.

परीक्षा संपल्यावर जूनच्या सुरुवातीला तो म्हणाला, "गावाकडे चला, काजवे बघायला." आम्ही तिघंही गेलो. कोपरगाव, तळेगाव, संगमनेर, अकोले, राजूर. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा प्रवास, जिल्हा तोच, अहिल्यानगर (आपण सवयीने अजून नगरच म्हणतो). पण बाहेर बघितलं तर विश्वास बसणार नाही की हा एकच जिल्हा आहे. आपल्या कोपरगावात वर्षाला जेमतेम पाचशे मिलीमीटर पाऊस. पश्चिमेच्या टोकाला घाटघरला चार-पाच हजार! ऊस, बाभळी, मळीचा वास मागे पडत गेला. राजूरच्या पुढे डोंगर चढत गेले, ढग खाली आले, आणि भंडारदऱ्याला पोचलो तेव्हा खिडकीतून गार वारा येत होता. आम्ही तिघं गप्प झालो. पॅरा मात्र बोलायला लागला. सहा महिन्यांत बोलला नसेल इतका.

त्याच्या घरामागे आंब्याचं जुनं झाड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील कोयता घेऊन त्यावर चढले होते. आम्ही खाली उभे. वरून एक फांदी खाली पडली.

"काका, काय तोडताय?" मी विचारलं.

"बांडगूळ," ते म्हणाले.

मी पॅराकडे बघितलं नाही. तोही माझ्याकडे बघत नव्हता.

काका खाली आले आणि त्यांनी ती फांदी माझ्या हातात दिली. आंब्याच्याच फांदीतून दुसरंच झाड फुटलं होतं. जाडसर पानं, आणि जिथे जोड होता तिथे फांदीला मोठी गाठ. "हे बघ, हे झाडाच्या अंगात शिरतं. नुसतं उपटून येत न्हाई, फांदीसकट तोडावं लागतं. न्हाई तोडलं तर पुढची फांदी वाळती."

मग त्यांनी वर बोट दाखवलं. त्याच आंब्यावर, शेवाळलेल्या जाड फांदीवर आणखी काहीतरी होतं. पट्ट्यासारखी लांब पानं, हवेत लोंबकळणारी पांढरी मुळं, आणि गुलाबी-पांढऱ्या फुलांचा खाली झुकलेला घोस. "ती आमरी. तिला काय करायचं न्हाई."

"पण तीपण झाडावरच आहे ना? ती नाही का त्रास देत?"

"न्हाई. ती नुसती बसती. जागा घेती तेवढी."

पॅराने लोट्यात पाणी आणलं आणि हाताला येणाऱ्या एका मुळावर ओतलं. आमच्या डोळ्यांसमोर ते पांढरं मूळ हिरवं झालं. आमच्या हॉस्टेलच्या खिडकीतल्या झाडासारखंच! नंतर वाचलं तेव्हा कळलं की आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, मुळांवर मेलेल्या पेशींचं स्पंजसारखं आवरण असतं. पाऊस आणि धुकं ते टिपून घेतं. टिलँडसियाने जे पानांनी केलं ते आमरीने मुळांनी केलं. हजारो मैलांचं अंतर, कुळं वेगळी, प्रॉब्लेम एकच, आणि दोघांनी आपापलं सोल्यूशन काढलं. सह्याद्रीत अशा कितीतरी आमऱ्या आहेत. त्यातल्याच एकीला सीतेची वेणी म्हणतात.

"काका, एक नेऊ का? आमच्या हॉस्टेलला लावतो," मी म्हणालो.

"तिकडं जगायची न्हाई," ते म्हणाले. "तिकडं धुकं कुठंय?"

त्यांचा मुलगा तिथेच रिकामा लोटा हातात धरून उभा होता.

रात्री काजवे बघितले. झाडंच्या झाडं एकदम पेटत होती आणि विझत होती. त्याबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही, एवढंच सांगतो.

परत आल्यावर लायब्ररीत बसून मी या शब्दांच्या मागे लागलो. आणि एक मजेशीर गोष्ट सापडली. आपल्याकडच्या एका आमरीचं शास्त्रीय नाव आहे 'वँडा'. ती कोरड्या भागातल्या आंब्या-बाभळींवरसुद्धा आढळते. हे नाव संस्कृतातून घेतलेलं, कलकत्त्याच्या विल्यम जोन्स यांनी सुचवलेलं आणि १८२० साली रॉबर्ट ब्राउन यांनी रूढ केलेलं. आणि संस्कृतात 'वंदा' म्हणजे काय? झाडावर वाढणारी परोपजीवी वनस्पती. म्हणजे बांडगूळच! झाडावर बसलेलं दिसलं की सगळ्यांना एकच नाव. मुळं कुठे गेलीत, आत की बाहेर, ते वर चढून कोण बघतंय? टिलँडसियाचं नाव गैरसमजातून, वँडाचं नाव गैरसमजातून. मी तर कॉन्व्हेंटचा.

आणि बांडगुळाच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. ते झाडाचं पाणी आणि क्षार शोषतं हे खरं, पण त्याची पानं हिरवी असतात आणि बरंचसं अन्न ते स्वतः तयार करतं. त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतात. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बिया दुसऱ्या फांदीला पुसतो. म्हणजे आजीचा शब्द शिवी म्हणून बांडगुळालाही पूर्ण लागू होत नाही.

आमरीचं बी तर धुळीसारखं असतं. त्यात स्वतःसाठी शिदोरीच नसते. जंगलात एखादी बुरशी मदतीला आली तरच ते रुजतं. म्हणजे पुढे आयुष्यभर कोणाचं काही न घेता जगणारं हे झाडसुद्धा पहिल्यांदा कोणाच्यातरी आधारानेच उभं राहतं.

मी हिशोब मांडला. पॅराने आमचं काय घेतलं? मेसचे पैसे तो स्वतःचे भरत होता. बादली त्याची स्वतःची होती. मी लाथ मारली ती त्याचीच. जागा घेतली, हे खरं. आणि जागा ही काही लहान गोष्ट नाही. एप्रिलमध्ये, पंख्याखाली, ती फार मोठी गोष्ट असते, हे मी अजूनही म्हणतो. फुकट मोठेपणा करत नाही. पण जागा तेवढीच. आणि मी काय घेतलं? तीन एक्सपेरिमेंट, लाप्लास, आणि एम थ्रीमधले सुटण्यापुरते मार्क. मुळं आत कोणाची गेली होती ते तुम्हीच ठरवा.

आपल्या कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचं मंदिर आहे. कच इथेच संजीवनी विद्या शिकायला आला होता अशी आख्यायिका. दुसऱ्याच्या गोटात, दुसऱ्याच्या छपराखाली, विद्येसाठी येऊन राहिलेला मुलगा, आणि त्याला हाकलायला टपलेले बाकीचे. म्हणजे कोपरगावातला पहिला पॅरा कचच म्हणायला हवा! असुरांमध्ये मी होतो, एवढं फक्त मला सांगायचं आहे.

जुलैमध्ये रिझल्ट लागला. एम थ्री आम्हा दोघांचंही सुटलं. तो आता थर्ड इयरला रेग्युलर आहे, माझ्याच वर्षाला. गावात दोघांबरोबर कॉट बेसिसवर राहतो. टपरीवर रोज भेटतो. तो शब्द त्याने पुन्हा कधी काढला नाही, आणि मीही नाही. हा लेख लिहायच्या आधी मात्र त्याला विचारलं. चहाचा ग्लास खाली ठेवून तो थोडा वेळ गप्प बसला.

"लिही," म्हणाला. "पण नाव टाकू नकोस. आणि झाडांची माहिती बरोबर लिही."

माहिती मी तपासून लिहिली आहे. नाव टाकलेलं नाही. जे तोंडाने म्हणता आलं नाही ते इथे लिहितो. सॉरी, मित्रा.

खिडकीतलं झाड अजून आहे. आता बुधवार आणि रविवार रात्री मी ते बादलीत बुडवतो. बादली भिंतीच्या कडेला ठेवतो, पायात येणार नाही अशी. या वर्षी आमच्या रूममध्ये पॅरा नाही. शेजारच्या रूममध्ये एक आहे. कोण ते विचारू नका. पण त्याला काही म्हणण्याआधी मुळं कुठे गेलीत तेवढं बघून घ्या.